डावा ब्रेक

मार्चमधल्या एका दुपारी शर्मिष्ठामामीचा फोन आला, तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. माझा एक विद्यार्थी पहिल्यांदाच एकट्याने विमान घेऊन वर गेला होता, त्यामुळे डोळे आकाशात आणि फोन खांद्यात धरलेला.

"अगं पूर्वी, मामाने पेडलं पुन्हा काढली."

"काढू दे ना गं. त्याचंच विमान आहे."

"चौथ्यांदा काढली. हरेश्वरशी दोन महिने बोलत नाही. जेवतानासुद्धा त्याचं लक्ष नसतं. तू ये एकदा."

मामीने मुलुंडच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. 'ये एकदा' असं उगाच म्हणणारी बाई नाही ती. विद्यार्थी नीट खाली उतरला, त्याची पाठ थोपटली आणि मी शनिवार-रविवारची रजा टाकली.

सुबोध राजाध्यक्ष हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये त्याने तेहेतीस वर्षं काढली. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना तो पायलट वाटायचा, पण त्याचं काम बिघाड शोधण्याचं. एकदा एका विमानात उतरताना कसलासा खडखडाट व्हायचा आणि तीन आठवडे कुणाला काही सापडत नव्हतं. मामाने एका पत्र्यामागून बॉलपेनचं टोपण काढून कॅप्टनच्या हातात ठेवलं. ही गोष्ट मी लहानपणी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकली की टोपणाचा रंगसुद्धा मला पाठ आहे. हिरवा. मी पुढे विमान उडवायचं शिकवायला लागले त्यात मामाचा वाटा मोठा.

चाळिशीत त्याने स्वतःही छोटं विमान उडवायचा परवाना मिळवला. आणि अकरा वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच, स्वतःचं विमान बांधायला घेतलं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, लहानसं. मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मामीच्या भावाचा छापखाना होता. तो बंद पडल्यावर गाळ्याची किल्ली मामाकडे आली. नकाशे बाहेरून मागवले, पण पत्रा कापण्यापासून सगळं त्याने हाताने केलं. नकाशातली मापं मामी ताडून बघायची. जोडकामाला हरेश्वरकाका होते. ते खारदांड्याचे. हँगरमध्ये मामाच्या शेजारीच वेल्डिंगला होते, निवृत्तीनंतर गावातल्या होड्यांची कामं करायचे. अकरा वर्षं जवळजवळ दर रविवारी ते दांड्याहून मुलुंडला यायचे, येताना त्यांच्या बायकोने, कमळकाकूंनी, दिलेले बोंबील घेऊन.

आता पेडलांबद्दल सांगायला हवं. विमानात दोन्ही पायांपुढे एकेक पेडल असतं. अख्खं पेडल पुढे ढकललं की शेपटीवरचं रडर, म्हणजे सुकाणू, त्या बाजूला वळतं. त्याच पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी झुकवला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. डाव्या बोटांनी डावा, उजव्या बोटांनी उजवा. म्हणजे जमिनीवर असताना विमान सरळ जाणार की भिंतीवर जाणार, हे पायांच्या बोटांवर ठरतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मामाने पंख न लावलेलं ते विमान इस्टेटच्या गल्लीत पहिल्यांदा इंजिनावर चालवलं. वॉचमनने दोन्हीकडून गाड्या अडवल्या होत्या. मामी भिंतीलगत उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती, हरेश्वरकाका मागून चालत होते. वीस-पंचवीस पावलं विमान सरळ गेलं आणि एकदम डावीकडे वळलं. थेट मामीच्या दिशेने. पुढे पंखा फिरतोय. मामाने इंजिनाची कळ बंद केली, पण पंखा थांबेपर्यंत विमान शेजारच्या गाळ्याबाहेरच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात घुसलं होतं. लाकडी पंख्याचं एक टोक तुटून उडालं. मामी तिथून दोन हातांवर होती. तिच्या मोबाइलमध्ये ते सगळं आहे. शेवटी फक्त आकाश दिसतं आणि मामाचा आवाज, "ब्रेक दाबला होता! उजवा दाबला होता मी!"

हे मला दोन महिने कुणी सांगितलंच नव्हतं.

मामाने त्याच दिवशी ठरवलं की डावा ब्रेक अडकतोय. पेडलं काढली, ती परत आणणाऱ्या स्प्रिंगा बदलल्या. गाळ्यातल्या गाळ्यात हाताने ढकलून पाहिलं, तेव्हा बरं वाटलं. मग एकटाच खुर्चीत बसून पाहिलं, तर पुन्हा शंका. दुसऱ्यांदा काढली, वॉशर बदलले. तिसऱ्यांदा काढल्यावर त्याचं मत झालं की वेल्डिंग करताना डाव्या पेडलची नळी वाकली असणार. त्याने हरेश्वरकाकांना फोन लावला. मामी समोर बसून शेंगा सोलत होती.

"हरेश्वर, तुझ्या डोळ्यांना काय झालंय? मोतीबिंदू घेऊन वेल्डिंग करतोस काय? माझी बायको मेली असती!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला, असं मामी म्हणाली.

शनिवारी मी पोहोचले तेव्हा मामा गाळ्यात विमानाच्या खुर्चीखाली डोकं घालून पडला होता. बाहेर फक्त पाय. अनवाणी.

"मामा, चपला कुठे?"

"बुटात ब्रेक कळत नाही गं. आधी पातळ तळव्याचे बूट आणले, तरी कळेना. डिसेंबरपासून असाच बसतो." तो बाहेर आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. "तू बघ. मला सापडत नाहीये. तेहेतीस वर्षांत असं झालं नाही."

मी बघितलं. पेडल हाताने झुकवलं, सोडलं, ते लगेच परत आलं. तारा सरळ होत्या. काकांचं वेल्डिंग तर नेहमीसारखं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसलेलं. पण हाताने पाहणं वेगळं आणि चालवून पाहणं वेगळं. तुटलेल्या पंख्याच्या जागी मामाने नवा कधीच बसवला होता. म्हणून ठरलं की रविवारी सकाळी गल्लीत मी चालवायचं.

माझी उंची पाच फूट एक इंच. मामा पावणेसहा. पेडलं त्याच्या पायांच्या मापाने लावलेली. पाठीमागे तीन उशा घेऊन कशीबशी पोहोचले. मामीला या वेळी गाळ्याच्या दारात उभं केलं. इंजिन अगदी हळू ठेवून मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. डावा ब्रेक, उजवा ब्रेक, दोन्ही. वळून परत आले. पुन्हा गेले, या वेळी जरा वेगात, आणि डाव्या ब्रेकवरून पाय मुद्दाम झटकन काढला. काही अडकलं नाही. इतकं सरळ चालणारं विमान आमच्या फ्लाइंग क्लबातही नाही.

इंजिन बंद केलं आणि मी खुशीत ओरडले, "मामा, झकास आहेत पेडलं! काहीही दोष नाही!"

मला वाटलं तो हसेल. तो विमानाच्या नाकाशी उभा होता. म्हणाला, "नीट बघितलंस?"

"चार फेऱ्या मारल्या ना."

"मग माझ्या वेळीच का होतं?"

हा प्रश्न त्याने मला नाही, स्वतःला विचारला. मला तेव्हाही वाटलं होतं की ही बसण्याची सवय असेल. नवीन विद्यार्थी नकळत ब्रेकवर बोटं टेकवून ठेवतात, त्यांना रोज सांगावं लागतं. मी म्हटलं, "तू बस. इंजिन बंदच राहू दे. मी खाली वाकून तुझे पाय बघते."

तो बसला. मी दारातून आत वाकून पेडलांशी डोकं नेलं.

"मामा, समोर बघ. खाली बघू नको. आता फक्त उजवा ब्रेक."

उजवा पाय हलला. पण बोटं पेडलच्या कडेवरून सरकून बाहेर गेली होती, ती नुसती पत्र्याला टेकली होती. आणि डाव्या पायाची बोटं डाव्या ब्रेकवर घट्ट दाबलेली.

"दाबलास?"

"दाबला."

"कोणता?"

"उजवा. तूच म्हणालीस ना उजवा."

मी त्याच्या डाव्या पायावर हात ठेवला. पाऊल गार होतं.

"मामा, मी कुठे हात लावलाय?"

मान न वळवता तो म्हणाला, "लावलायस का?"

मामी मागे येऊन उभी होती. तिनेच पहिल्यांदा पाहिलं. डाव्या पेडलच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर लाल डाग होता, खाली पत्र्यावर अजून दोन. मामाच्या तळव्यात ड्रिलमधून निघालेला धातूचा कीस, चांगला बोटाच्या पेरभर लांब, आत रुतला होता. कधी रुतला ते त्याला माहीत नव्हतं. मामीने पर्समधला चिमटा काढून तो ओढला, तेव्हा मी मामाच्या चेहऱ्याकडे बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

"कुठून आलं हे रक्त?" त्याने विचारलं.

मामाला चौदा वर्षं मधुमेह आहे. गॅलरीतला नळ गळतो हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं, तसंच हे माहीत होतं. गोळ्या चालू होत्या. परवान्यासाठी लागणारी डॉक्टरी तपासणी त्याने दोन वर्षांपूर्वी टाळली होती. विमान तयार झालं की करू, म्हणायचा. मी स्वतः दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्यांचे तपासणीचे कागद मागते. मामाकडे कधी मागितले नाहीत.

सोमवारी घाटकोपरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि मासे धरायच्या गळाला असतो तसा नायलॉनचा एक दोरा दोन्ही तळव्यांवर दहा-दहा ठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." मामा वाट बघत राहिला. डाव्या पायाला त्याने एकदाच 'हो' म्हटलं, उजव्याला तीनदा. त्यातलं एक 'हो' दोरा टेकवलेलाच नसताना होतं. डाव्या करंगळीच्या बेचक्यात जुनी जखम निघाली, आतून चिघळलेली.

"ही जाणीव परत येईल ना?" मामाने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ती जपायची. अनवाणी चालणं बंद, अगदी घरातसुद्धा. आणि गाडी चालवणं बंद. माणसं दगावतात."

मामाने मामीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

त्या आठवड्यात करंगळी काढावी लागली. हॉस्पिटलात मामा कुणाशी बोलला नाही. आई बोरिवलीहून रोज डबा घेऊन यायची, तो दोन घास खाऊन बाजूला सारायचा. एका दुपारी मी एकटीच होते, तेव्हा म्हणाला, "पूर्वी, मी जे बिघडलं नव्हतं ते चार वेळा उघडलं. आणि जे बिघडलं होतं ते रोज आंघोळीला धूत होतो." मी त्याचा हात धरला, तर त्याने काढून घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "मला दांड्याला ने."

टाके निघाल्यावर एप्रिलमध्ये नेलं. खारदांड्याला हरेश्वरकाकांचं घर खाडीच्या बाजूच्या आळीत आहे. पुढे पत्र्याची शेड, तिथे ते होड्यांची कामं करतात. आम्ही गेलो तेव्हा वेल्डिंगचं मशीन ताडपत्रीने झाकलेलं होतं आणि ताडपत्रीवर कमळकाकूंच्या टोपल्या ठेवलेल्या. काका दारात जाळ्याला गाठी मारत बसले होते. मामाला काठी टेकत येताना पाहून उठले नाहीत, पण हात थांबला.

"हरेश्वर, पेडल बरोबर होतं," मामा उभ्या उभ्या म्हणाला. "माझे पाय गेलेत. डावा ब्रेक मीच दाबून ठेवत होतो. मला कळतच नव्हतं."

बोलल्या त्या कमळकाकू, आतून येऊन. "तीन महिने झाले, वेल्डिंगच्या टॉर्चला हात नाही लावला यांनी. मोठ्या बोटीचं काम आलेलं, परत पाठवलं. म्हणाले, माझी नजर गेली, माझ्या हातून कुणी मरायला नको."

"डोळे दाखवले नाहीस का?" मामाने विचारलं.

"दाखवले," काका म्हणाले. "डॉक्टर बोलला, या वयात यापेक्षा चांगले डोळे नसतात. पण माझा भरोसा त्या डॉक्टरवर की तुझ्यावर? तेहेतीस वर्षं तू बोट ठेवलंस तिथे बिघाड निघाला. तू बोललास वेल्डिंग खराब, म्हणजे खराबच असणार. मी तसलेच चार तुकडे जोडले, कापले, भिंग लावून बघितले. काही मिळालं नाही. मग वाटलं, बघणाराच आंधळा आहे तर मिळणार काय?"

मामा खाली बसला. बसताना काठी पडली, मी उचलली. "चूक झाली माझी," तो म्हणाला.

"चूक झालीच. फोनवर झाली, दोन मिनिटांत. माझे तीन महिने कसे गेले ते तुला मी सांगणार नाही." काकांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "पाय कसा आहे?"

मामाने चप्पल काढून दाखवला. काकांनी बराच वेळ बघितलं. चहा आला, तो प्यायलो. निघताना काका दारापर्यंत आले, पण रविवारी येतो, असं काही म्हणाले नाहीत.

विमानाचं काय करायचं, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. मामीला तर ते गाळ्यातून हलायलाच नको होतं. तिला रात्री तो पंखा दिसतो, असं तिने मला नंतर सांगितलं. मग मे महिन्यात मामानेच मला बोलावलं. हातात मोजपट्टी होती.

"खुर्चीत बस. पाय सरळ कर."

"कशाला?"

"पेडलं मागे घ्यायला लागतील. तीन उशा घेऊन कुणी विमान चालवतं का?"

मी म्हटलं, "मामा, मला तुझी जागा नकोय." हे खरं होतं. अजूनही त्या खुर्चीत बसताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

"जागा माझी नाहीच आता," तो म्हणाला. "तुला नको असेल तर सांग, पत्रा भंगारात देतो. पण अर्धवट ठेवणार नाही." तो रागावलेला होता, माझ्यावर नाही, पण ऐकून मीच घ्यायचं होतं. मी पाय सरळ केले. चार इंच मागे, असं माप निघालं.

त्यासाठी नवीन आधारपट्ट्या जोडून हव्या होत्या. मामाने कागदावर नकाशा काढला, मामीने मापं तपासली, एक चुकलेलं दुरुस्त केलं, आणि फोटो हरेश्वरकाकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी उत्तराऐवजी फोटो आला: तयार पट्ट्या, बाजूला फूटपट्टी ठेवून माप दाखवलेलं.

रविवारी काका स्वतः आले. बोंबील आणले नव्हते. मामाने पेडलं बसवायला घेतली. खाली वाकताना त्याला आता त्रास होतो, तरी कुणाला हात लावू दिला नाही. मी खुर्चीत बसून सांगत होते, "अजून अर्धा इंच. बस. आता बोटं बरोबर ब्रेकवर येतात." उजव्या बाजूच्या खुर्चीपुढची पेडलं त्याने आधीच काढून टाकली होती. तिथे तो बसणार होता, आणि त्याचे पाय कशालाही लागायला नको होते.

रडरच्या कामाला हात लावला की एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं आणि दोघांनी सही करायची, असा नियम आहे. काका टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत शिरले. चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. एकेक बोल्ट हाताने हलवून बघत होते. मग आतून आवाज आला, "ही पिन वाकवायची राहिलीय, नट सुटेल. कुणी लावली?"

"मी," मामा म्हणाला.

"मग ये आणि वाकव."

मामा पुन्हा आत गेला. दोघं त्या अरुंद जागेत डोकी जवळ घेऊन, एकाने टॉर्च धरून, दुसऱ्याने पक्कड. पिन वाकवली. काकांनी बाहेर येऊन हात पुसले, वहीत सही केली. मामीने जेवायला थांबवलं, तर म्हणाले, बोटीचं काम अर्धं टाकून आलोय. होड्यांची कामंही पुन्हा सुरू झालीत, एवढं त्यावरून आम्हाला कळलं.

उडायची परवानगी अजून आलेली नाही. कागद कुठल्या तरी टेबलावर आहेत. येईल तेव्हा ते खान्देशातल्या एका धावपट्टीवर न्यायचं आणि तिथे पंख लावायचे, असं ठरलंय. मामी रोज संध्याकाळी मामाचे तळवे आरसा धरून तपासते. कधी कधी तपासताना दोघं भांडतात.

मागच्या रविवारी मी विमान गल्लीत पुन्हा चालवलं. मामा शेजारी बसला होता, जाड तळव्याचे खास बूट घालून, मांडीवर वही.

"आता काय वाटतंय पायाला?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे सगळं."

"असं नाही. नीट सांग. डावं कसं लागतंय, उजवं कसं लागतंय?"

मी लक्ष दिलं. "डावं जरा हलकं आहे. उजव्याला शेवटी शेवटी थोडा जोर लागतो."

"कुठे? सुरुवातीला की अर्ध्यात?"

"अर्ध्यानंतर."

"पुन्हा दाब. हळू." त्याने वहीत लिहून घेतलं.

मी पुन्हा दाबलं.